विजेचा मीटर आणि लघुलहरी : छोट्या रेडिओ केंद्रांविषयी एक व्याख्यान

मंडळी, सुरुवातीलाच इशारा देऊन ठेवतो. जुन्या रेडिओच्या आठवणींत रमायला आला असाल तर निराश व्हाल. बिनाका गीतमाला, व्हॉल्व्हचा सेट तापायला लागणारा वेळ, पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचे दिवस, हे सगळं या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माझ्यापेक्षा रंगवून सांगता येईल. माझी सगळी नोकरी ट्रान्समीटरच्या खोलीत गेली, स्टुडिओत क्वचितच पाऊल पडलं. त्यामुळे रेडिओ केंद्र म्हटलं की मला निवेदकाचा आवाज आठवत नाही, विजेचा मीटर आठवतो. आज त्या मीटरच्या बाजूनेच बोलणार आहे.

'शॉर्टवेव्ह संपली', म्हणजे लघुलहरी संपल्या, असं आपण वाचतो तेव्हा डोळ्यांसमोर बीबीसी, व्हॉइस ऑफ अमेरिका, रेडिओ मॉस्को येतात. बीबीसी हिंदीचं लघुलहरींवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबलं तेव्हा आपल्याकडेही पुष्कळ हळहळ झाली, ती योग्यच होती. पण ही झाली बड्या घरची मंडळी. एका देशाने दुसऱ्या देशाच्या जनतेशी बोलावं म्हणून दोनशे-पाचशे किलोवॅटचे ट्रान्समीटर लावणारी. माझा विषय वेगळा आहे. एखाद्या खोऱ्यासाठी, खाणवस्तीसाठी, बेटांच्या एका झुबक्यासाठी लघुलहरींवर चालणारं छोटं केंद्र. एक किलोवॅट, पाच किलोवॅट, सरकारी असेल तर दहा ते पन्नास. अशी केंद्रं बोलिव्हिया आणि पेरूच्या अँडीज पर्वतात होती, पापुआ न्यू गिनीत प्रांताप्रांतात होती, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात होती, आणि आपल्या आकाशवाणीचीही होती. बहुतेकांच्या मागे आज 'होती' लावावं लागतं. काही अजून तग धरून आहेत.

कुणी विचारेल, जवळच्या लोकांशी बोलायला लघुलहरी कशाला? त्या तर लांब जातात ना? इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल, थोडंच.

एफएमची लहर नजर पोचते तिथवर जाते. मध्ये सह्याद्रीची एक सोंड आली की संपली. मध्यमलहरी जमिनीला धरून जातात, डोंगराला फारशा भीत नाहीत, पण उष्ण कटिबंधात त्यांचा एक वैरी आहे : वीज कडकडणं. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वर्षभर कुठे ना कुठे वादळ चालू असतं आणि त्या कडकडाटाची खरखर मध्यमलहरींवर सगळ्यात जास्त बसते. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनीच उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी लघुलहरींमधले काही खालचे पट्टे देशांतर्गत प्रसारणाला दिले. १२० मीटर, ९० मीटर, ६० मीटर, ही नावं लहरीच्या लांबीवरून. यांना ट्रॉपिकल बँड म्हणतात. इथला अँटेना उंच मनोऱ्यावर नसतो. जमिनीपासून बेताच्या उंचीवर आडवी ताणलेली तार असते आणि ती लहर सरळ वर फेकते, कारंज्यासारखी. वर आयनांबर आहे, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित थर, तिथून ती परत खाली येते आणि केंद्राभोवती तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात सगळीकडे पडते. डोंगर आडवा येतच नाही, कारण लहर डोक्यावरून उतरते. ज्या दरीत मोबाइलला रेंज नाही, एफएम नाही, तिथे खिशातला सेट चालतो. दिवसा थोडी वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची, एवढा बदल केला की झालं.

आता विजेचा मीटर. एक किलोवॅटचा ट्रान्समीटर विजेच्या जोडणीतून साधारण अडीच-तीन किलोवॅट ओढतो. दिवसाला बारा तास धरले तर तीस-पस्तीस युनिट. दहा रुपये युनिट धरा, महिन्याला दहा हजारांच्या आसपास. एखाद्या तालुक्याच्या बाजारपेठेला झेपेल असा आकडा आहे. पन्नास किलोवॅटचा सेट घ्या. तो शंभर किलोवॅटच्या घरात ओढणार. अठरा तास चालवला तर दिवसाला अठरा हजार रुपये, महिन्याला साडेपाच लाखांच्या आसपास. वर ट्रान्समीटरचे मोठे व्हॉल्व्ह. ते ठरावीक हजार तास चालतात आणि मग बदलावेच लागतात. जगात ते बनवणारे आता हाताच्या बोटांवर मोजावे इतके उरले आहेत. केंद्र मरतं ते बहुतेक वेळा इथे. व्हॉल्व्ह क्षीण होतो, शक्ती निम्म्यावर उतरवतात, ऐकू येईनासं होतं, श्रोते सोडून जातात, आणि मग वरून पत्र येतं की श्रोतेच नाहीत तर खर्च कशाला. हा क्रम मी जवळून पाहिलेला आहे. श्रोते कमी झाले म्हणून शक्ती घटवली, असं कागदावर लिहिलेलं असतं; प्रत्यक्षात उलटं घडलेलं असतं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगतो, कारण तिथे पैशांची टंचाई हे कारण देता येत नाही.

ऑस्ट्रेलियाचा नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा, आणि माणसं अडीच लाखांच्या आसपास. एवढ्या पसाऱ्यात एफएमचे मनोरे उभारणं अशक्य. म्हणून तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, एबीसीने, १९८० च्या दशकात ॲलिस स्प्रिंग्ज, टेनंट क्रीक आणि कॅथरीन अशा तीन ठिकाणी पन्नास किलोवॅटचे लघुलहरी ट्रान्समीटर बसवले. मघाशी सांगितलं तीच पद्धत, सरळ वर फेकणारी. रात्री १२० मीटरच्या पट्ट्यात २३१०, २३२५ आणि २४८५ किलोहर्ट्झ. दिवसा ६० मीटरमध्ये ४८३५, ४९१० आणि ५०२५. आपल्याकडचे नादी लोक हे आकडे पाठ म्हणायचे. रात्री उशिरा, भारतातल्या शांत जागी, त्यातलं एखादं कधीमधी पुसट ऐकूही यायचं.

डिसेंबर २०१६ मध्ये एबीसीने जाहीर केलं की ३१ जानेवारी २०१७ ला हे सगळं बंद. त्याबरोबर शेपर्टनहून पॅसिफिक बेटांसाठी चालणारी रेडिओ ऑस्ट्रेलियाची लघुलहरी सेवाही बंद. सांगितलेली बचत वर्षाला १९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. कारण असं की तंत्र शंभर वर्षांचं जुनं झालं आणि श्रोते मोजकेच उरले. पर्याय म्हणून उपग्रहाची सेवा घ्या, एफएम ऐका, मोबाइलवर ॲप टाका, असं सांगण्यात आलं.

गुरांच्या फार्मवर राहणारे लोक भडकले. त्यांचं म्हणणं साधं होतं : उपग्रहाची थाळी घराच्या छपरावर असते, आम्ही दिवसभर घरापासून शंभर किलोमीटर लांब गाडीत असतो. समुद्रावर मासेमारी करणारे, आदिवासी भागांत जमिनीची राखण करणारे, लांब पल्ल्याचे ट्रकवाले, सगळ्यांचं तेच. चक्रीवादळाचा इशारा चालत्या माणसाला मिळायला हवा. सिनेटर निक झेनोफोन यांनी ही सेवा परत सुरू करायला लावणारं विधेयकही आणलं. समिती बसली, लोकांनी निवेदनं दिली. विधेयक पारित झालं नाही.

यात मला बोचतं ते असं. निर्णय घेणारे सिडनीत. श्रोता दोन-तीन हजार किलोमीटरवर. श्रोत्यांची मोजणी करणारी सर्वेक्षणं शहरांत होतात; गाडीतल्या गुराख्याला कोण विचारतं? मोजता येत नाही म्हणून तो नाही, असा हिशोब. पुढचा भाग तर आणखी गमतीचा. २०१८ मध्ये बातम्या आल्या की रेडिओ ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही फ्रिक्वेन्सींवर चीनच्या सरकारी रेडिओने प्रसारण सुरू केलंय. कॅनबेरात खळबळ माजली. आणि अलीकडच्या वर्षांत त्याच ऑस्ट्रेलियाच्या मदतीतून वानुआतूच्या रेडिओला नवा लघुलहरी ट्रान्समीटर मिळाला. २०१५ मधल्या 'पाम' चक्रीवादळाने वानुआतू उद्ध्वस्त झालं होतं, तेव्हा शॉर्टवेव्हचं मोल तिथल्या लोकांना नव्याने पटवून द्यावं लागलं नव्हतं. शेजाऱ्याला ट्रान्समीटर द्यायचा आणि स्वतःच्या वाळवंटातल्या माणसाला ॲप टाकायला सांगायचं! असो. न्यूझीलंडने मात्र आपली पॅसिफिकसाठीची सेवा बंद केली नाही, उलट २०२४ मध्ये नवा ट्रान्समीटर बसवला. देश लहान, पण डोकं ठिकाणावर.

आता याच्या नेमकं उलट टोक. बोलिव्हिया.

अँडीजच्या पठारावर, चार हजार मीटर उंचीच्या आसपास, कथिलाच्या खाणी. कातावी, सिग्लो व्हेइन्ते, हुआनुनी, ही वस्त्यांची नावं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि १९५२ च्या क्रांतीनंतर झपाट्याने, तिथल्या खाणकामगार संघटनांनी स्वतःची रेडिओ केंद्रं काढली. वीसहून अधिक केंद्रं. सरकारची नव्हेत, कंपनीची नव्हेत. कामगारांच्या पगारातून वर्गणी कापली जायची आणि त्यातून केंद्र चालायचं. निवेदक बहुतेक खाणीतलेच, नाही तर त्यांच्या घरचे. स्पॅनिशबरोबर क्वेचुआ आणि आयमारा भाषांतले कार्यक्रम. संघटनेची सभा थेट प्रसारित व्हायची, त्यामुळे पाळीवर असलेल्या माणसाला घरी आल्यावर बायको सांगायची की आज कोण काय बोललं. आणि निरोप! हा त्या सगळ्या अँडीज भागातल्या रेडिओंचा प्राण. अमक्याची आई शुक्रवारच्या ट्रकने येतेय, खेचर घेऊन रस्त्यावर या. तमक्याचं बाळंतपण नीट झालं, मुलगी आहे. ज्या गावात तार नाही, टपाल महिन्याने, तिथे सकाळी रेडिओसमोर बसणं म्हणजे टपाल वाचणं होतं.

१९६७ च्या जून महिन्यात, संत जॉनच्या सणाच्या रात्री, कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवून लोक जागत होते. २४ तारखेच्या पहाटे लष्कराने सिग्लो व्हेइन्तेच्या वस्तीवर हल्ला केला. सैनिकांना आधी हवं होतं ते संघटनेचं रेडिओ केंद्र, 'ला व्होस देल मिनेरो', म्हणजे खाणकामगाराचा आवाज. ते राखताना रोसेन्दो गार्सिया माइस्मान हा कामगार नेता मारला गेला. १७ जुलै १९८० ला जनरल गार्सिया मेसाने सत्ता बळकावली तेव्हा राजधानीतली केंद्रं झटपट गप्प केली गेली. खाणींतल्या छोट्या केंद्रांनी मात्र एकमेकांना जोडून साखळी केली आणि बातम्या देत राहिली. सैन्य एकेका वस्तीत शिरत गेलं, एकेक आवाज थांबत गेला. उरलेली केंद्रं थांबलेल्या केंद्राचं नाव घेऊन पुढे बोलायची.

एवढी लढाऊ केंद्रं. त्यांना सैन्याने संपवलं नाही. हुकूमशाही गेल्यावर बहुतेक पुन्हा सुरूही झाली होती. संपवलं ते १९८५ ने. त्या ऑगस्टमध्ये सरकारने २१०६० क्रमांकाचा फतवा काढून अर्थव्यवस्था खुली केली, ऑक्टोबरमध्ये लंडनच्या बाजारात कथिलाचा भाव कोसळला, आणि सरकारी खाण कंपनीने वीस हजारांहून अधिक कामगारांना घरी पाठवलं. पगार नाही तर वर्गणी नाही. वर्गणी नाही तर वीज नाही. बंदुकीला पुरून उरलेलं केंद्र बिलापुढे हरलं.

हे दोन दाखले शेजारी-शेजारी ठेवले की एक सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. ऑस्ट्रेलियात श्रोता मालक नव्हता म्हणून केंद्र गेलं. बोलिव्हियात श्रोता मालक होता म्हणून ते तीन-चार दशकं जगलं. तेव्हा मालकी श्रोत्यांना द्या, झालं. पण बोलिव्हियाच सांगतो की मालकी पुरत नाही. ज्याच्या हाती केंद्र आहे त्याच्या हाती रोजगारही असावा लागतो. तिथे टिकलं ते कोणतं केंद्र? त्याच सिग्लो व्हेइन्तेमधलं 'पिओ दोसे' अर्थात बारावे पायस, एका पोपच्या नावाचं. १९५९ मध्ये ते चर्चच्या मिशनऱ्यांनी काढलं होतं, आणि कशासाठी, तर कामगारांना साम्यवादापासून दूर ठेवायला! सुरुवातीला संघटनेच्या रेडिओशी त्याची जोरदार जुंपायची. पण रोज त्याच लोकांत राहून, त्यांचे निरोप वाचून, त्यांची प्रेतं पाहून पाद्रीच बदलले. पुढे सैन्याने पिओ दोसेवरही धाडी घातल्या. त्याच्या मागे बाहेरचा पैसा होता म्हणून ते १९८५ नंतर वाचलं. म्हणजे बाहेरचा पैसा वाईट असं नाही. पण तो पैसा आपलं काहीतरी बोलून घेण्यासाठीच आला होता, हेही विसरायचं नाही.

यावरून माझं मत असं झालं आहे, आणि आजच्या व्याख्यानात मला खरं तर एवढंच सांगायचं आहे. बाहेरच्या हितचिंतकांनी छोट्या केंद्राला भांडवल द्यावं, चालू खर्च देऊ नये. जुना व्हॉल्व्हचा सेट काढून त्या जागी नवा सॉलिड-स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा, ट्रान्समीटर द्या, म्हणजे बिल कमी येईल आणि व्हॉल्व्ह शोधत फिरावं लागणार नाही. अँटेनाची तार, सौर पॅनेल, बॅटऱ्या द्या. पण दर महिन्याचं बिल त्या खोऱ्यातल्या माणसांनीच भरायला हवं, मग ते सहकारी संस्थेतून भरोत, बाजारपेठेतल्या जाहिरातींतून, निरोपामागे पाच-दहा रुपये घेऊन किंवा ग्रामपंचायतीच्या करातून. कारण बिल भरणाऱ्याकडेच केंद्राचं तोंड असतं. बिल जर्मनीतून येत असेल तर केंद्र हळूहळू जर्मनीला आवडेल असं बोलायला लागतं. आणि दाता कंटाळला की एका पत्राने बंद पडतं.

(प्रेक्षकांतून कुणीतरी विचारलं : मग गरीब खोऱ्याने काय करायचं?) बरोबर आहे. जिथे लोकांकडे खरोखरच काही नाही तिथे सरकारने खर्च उचलावा, जसा रस्त्याचा उचलतो. रस्त्यावरून दिवसाला किती गाड्या जातात यावर आपण दुर्गम गावाचा रस्ता बंद करत नाही. पण सरकार देत असेल तर ते आपत्ती निवारणाच्या खात्यातून द्यावं, मनोरंजनाच्या नाही. मनोरंजनात शॉर्टवेव्ह हरणारच. तिथे तिला स्पर्धेला उतरवणं हाच अन्याय आहे.

आपल्याकडचं सांगतो. आकाशवाणीने मुंबईहून लघुलहरी १९३८ मध्ये सुरू केल्या. पुढे प्रादेशिक केंद्रांचं जाळंच झालं : मुंबई ४८४० किलोहर्ट्झ, लेह ४७६०, कर्सियांग ४८९५, ओडिशातलं जेपोर ५०४०, पोर्ट ब्लेअर. गेल्या दशक-दीड दशकात यातली बहुतेक बंद झाली. कुठलं कधी ते सांगत बसत नाही, कारण गंमत अशी की बंद होताना गाजावाजा होत नाही. एक दिवस ट्रान्समीटर दुरुस्तीला जातो आणि परत येत नाही.

मुंबईचं ४८४० गेल्याचं मला स्वतःला फार वाईट वाटत नाही, खरं सांगतो. मुंबईच्या माणसाला पर्याय होते. चिंता वाटते ती लेह आणि पोर्ट ब्लेअरसारख्या ठिकाणांची. सगळीच केंद्रं वाचवायला निघालो तर एकही वाचणार नाही. जिथे डोंगर, बेट, जंगल किंवा समुद्र आहे आणि माणूस फिरता आहे, तिथली वाचवायची. उरलेल्यांच्या टेपा नीट डिजिटल करून ठेवल्या तरी पुष्कळ झालं.

समुद्राचा दाखला हवा असेल तर ओखी वादळ आठवा. ३० नोव्हेंबर २०१७. केरळ, तमिळनाडूच्या बोटी खोल समुद्रात होत्या, इशारा निघाला तेव्हा बऱ्याच जणांपर्यंत तो पोचवायला साधनच नव्हतं. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते. वादळात भरकटत त्यातल्या ६८ बोटी आपल्या सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या. ९५२ मच्छीमार. देवगडच्या लोकांनी त्यांना जेवू-खाऊ घातलं. त्या बोटींवर रात्री पाच मिनिटं हवामान सांगणारं, अरबी समुद्रभर पोचेल असं एक लघुलहरी केंद्र ऐकू येत असतं तर? सगळे वाचले असते असं मी म्हणत नाही. पण इशारा आणि माणूस यांच्यामध्ये शंभर किलोमीटर पाणी असताना कुठलं ॲप पोचतं, हे मला कुणी दाखवावं.

आणि छोट्या केंद्राची ताकद आपल्या मुंबईने तर फार आधी पाहिली आहे. २७ ऑगस्ट १९४२ पासून ४२.३४ मीटरवर, म्हणजे सत्तर लाख हर्ट्झच्या किंचित वर, काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती. सामग्री शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांच्याकडून. चौपाटीवरच्या एका इमारतीत सुरुवात, मग पोलिसांना चकवत जागा बदलत शेवटी महालक्ष्मीजवळच्या पॅराडाइज बंगल्यात. १२ नोव्हेंबरला तिथे धाड पडली. जेमतेम अडीच महिने. पण वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं ते चिमूर-आष्टीचं वर्तमान या केंद्राने देशाला सांगितलं. त्याचं बिल व्यापाऱ्यांनी आणि चळवळीच्या सहानुभूतीदारांनी भरलं. ज्यांना ऐकायचं होतं त्यांनीच.

आता इथे बसलेल्या डीएक्स मंडळींसाठी. तुम्ही रात्ररात्र जागून दूरची केंद्रं पकडता, कसं ऐकू आलं याचे रिसेप्शन रिपोर्ट पाठवता, केंद्राने पोच म्हणून धाडलेली क्यूएसएल कार्डं जमवता. या छंदाचा मला आदर आहे, माझ्याकडेही खोका भरून कार्डं आहेत. पण पुण्यातून पेरूला पत्र गेल्याने ते केंद्र वाचत नाही. 'तुमचं केंद्र भारतात ऐकू येतं' हे वाचून तिथल्या व्यवस्थापकाला आनंद होतो, तो कार्ड भिंतीला लावतो. बिल मंजूर करणारा अधिकारी मात्र म्हणतो की आपलं काम भारतात ऐकू जाणं नाही. अशा पत्रांचा आधार घेतला तर उलट नुकसान होतं. केंद्र बंद करण्याविरुद्ध निवेदन जायचं असेल तर त्याच प्रदेशातल्या माणसाचं जावं. नाव, गाव, जवळचा मोबाइल टॉवर किती लांब, सेट कोणता, कोणत्या वेळी ऐकतो. अशी दोनशे पत्रं जगभरच्या दोन हजारांवर भारी पडतात.

तुमच्याकडून मिळणारी खरी मदत निराळी आहे, आणि ती इंजिनिअरला सोन्यासारखी असते. तुमची वाहक लहर तीनशे हर्ट्झने सरकली आहे. तुमच्या आवाजात पन्नास हर्ट्झची गुणगुण येतेय, पॉवर सप्लायचा कपॅसिटर बघा. मॉड्युलेशन फार कमी आहे. छोट्या केंद्राकडे स्पेक्ट्रम मोजायचं यंत्र नसतं, तुमच्या टेबलावर एसडीआर, म्हणजे संगणकाच्या मदतीने चालणारा रेडिओ, असतो. हा रिपोर्ट ध्वनिमुद्रणासह ईमेलने पाठवा, आणि कार्डाची अपेक्षा ठेवू नका. तिकिटाचा खर्च वाचला तरी त्यांना मदतच.

श्रोत्यांच्या बाजूची एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. खरखर. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचे स्वस्त कंट्रोलर, यांनी शहरातली शॉर्टवेव्ह मारून टाकली आहे. ट्रान्समीटर कितीही चांगला असला तरी फ्लॅटमध्ये साठ मीटरचा पट्टा म्हणजे नुसतं गुरगुरणं. ज्या गावांत वीज उशिरा पोचली तिथे अजून बरं ऐकू येतं, पण तिथेही हे दिवे आलेच. म्हणून केंद्र वाचवा म्हणताना चांगल्या सेटचं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या सेटचं काय, हा प्रश्न त्याच अर्जात यायला हवा. सेट नसताना केंद्र वाचवणं म्हणजे मीटर फिरता ठेवणं, दुसरं काही नाही.

(एक प्रश्न आला : आपल्याकडे एखाद्या संस्थेला लघुलहरींचं केंद्र काढता येईल का?)

आज नाही. २००६ च्या धोरणाने सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ काढता येतो, पण तो एफएमवर, शंभर वॅटच्या मर्यादेत. म्हसवडचा माणदेशी तरंग त्यातूनच उभा राहिला आणि माणदेशाच्या मोकळ्या माळावर तो छान पोचतो. सातपुड्यात किंवा गडचिरोलीच्या जंगलात तेच शंभर वॅट एका टेकडीमागे संपतील. लघुलहरी सरकारकडेच आहेत. बाहेर चित्र वेगळं आहे. फिनलंडमध्ये विरात नावाच्या गावाहून हौशी मंडळी २००० सालापासून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी परवान्याने लघुलहरींवर प्रसारण करतात. डेन्मार्कमध्ये, जर्मनीत छोट्या शक्तीच्या खासगी केंद्रांना परवाने आहेत. तिथे काही आकाश कोसळलेलं नाही.

आपल्याकडे मागणी करायची तर सगळा देश मागू नका. एक दुर्गम तालुका घ्या, साठ मीटरचा पट्टा, एक किलोवॅट, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन तास. चार तासांचे बारा युनिट, दिवसाला सव्वाशे रुपये. अँटेनाला लागते सुमारे तीस मीटर तार, दोन खांब आणि मोकळी जागा. बातम्या नकोत म्हणतील, तर नकोत. हवामान, बाजारभाव, दवाखान्याची फिरती गाडी कुठे येणार आणि निरोप, एवढंच मागा. पण त्याआधी एक काम करा. बॅटरीवरचा सेट घेऊन त्या तालुक्यात जा, पाड्यापाड्यावर रात्री आठ ते दहा साठ मीटरच्या पट्ट्यात काय ऐकू येतं आणि खरखर किती आहे याची नोंद ठेवा. पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा. ऐकायला परवाना लागत नाही. अर्जाला जोडायला याच्याइतका चांगला कागद नाही, आणि तो आज तरी कुणाकडेच नाही.